सुपडाबाईच्या काळ्या कोंबड्या

साक्रीजवळच्या पाड्यावर सुपडाबाई एकटी राहायची. मोहाच्या बियांचं तेल राखेच्या पाण्यात आटवून ती मऊ, तपकिरी साबण करायची आणि बाजारच्या दिवशी विकायची. पण तिचा जीव होता काळ्या कोंबड्यांवर. पिसांपासून हाडांपर्यंत काळी असलेली ती जात आईनं तिला सासरी जाताना दिली होती. आईचं म्हणावं असं दुसरं काहीच तिच्याजवळ उरलं नव्हतं.

एकोणीसशे चौतीसच्या उन्हाळ्यात कोंबड्यांत मानमोडीची साथ आली आणि चार दिवसांत खुराडं रिकामं झालं. सुपडाबाईनं सगळ्या लांब नेऊन पुरल्या, खुराडं उकळत्या साबणपाण्यानं धुतलं आणि दिवाळीपर्यंत कळ काढली. दोन वर्षांपूर्वी तिनं एक जोडी डोंगरापलीकडे धाकट्या बहिणीला, झेंडूला, पाळायला दिली होती. त्यांची पिलं आणायला ती टोपली घेऊन दिवसभर चालली.

झेंडूनं पाणी दिलं, पण वर पाहिलं नाही.

“सायेब दौराले उना व्हता, अक्का. त्याना जेवनले पाटील बठ्ठ्या कोंबड्या लई गया.”

“एक बी नही ठेवी? आनी अंडा?”

“त्या बी.”

सुपडाबाईनं रिकामी टोपली भिंतीला टेकवली. भाकरी खाल्ली, झेंडूच्या लेकीचे मळलेले केस धुऊन दिले आणि सकाळी निघाली.

पुढं बारा वर्षं ती साबण करत राहिली. कुणी दुसरी कोंबडी देऊ केली की म्हणायची, “नको बाई, आते नही.” फक्त दळताना सांडलेले दाणे ती, कोंबड्या होत्या तेव्हासारखीच, झाडून घ्यायची नाही. चिमण्या येऊन ते टिपून जायच्या.