आत्याची बत्तिशी

आमची आत्या दात बसवते. लोकांच्या तोंडात नाही, ते काम डॉक्टरांचं. ती लॅबमध्ये प्लॅस्टरच्या जबड्यावर गुलाबी मेणाची पट्टी लावते आणि त्या मेणात एकेक दात रोवत कवळी तयार करते. तेवीस वर्षं हेच चाललंय. त्यामुळे बोलताना ती माणसाच्या डोळ्यांकडे बघत नाही, तोंडाकडे बघते. माझ्या मैत्रिणी तिच्यासमोर ओठ मिटून हसतात.

घरी आली की ती सोंगाचे खेळ खेळते. हे नाव तिचंच. दुकानदार त्यांना रोलप्लेइंग गेम म्हणतो. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एकेक सोंग घ्यायचं, कुणी दरोडेखोर, कुणी राणी, कुणी समुद्राला कंटाळलेला खलाशी. एकाने सूत्रधार व्हायचं आणि गोष्ट अडेल तिथे फासे टाकायचे. एक खेळ म्हणजे नियमांचं एक पुस्तक. अशी सत्तावीस पुस्तकं तिच्या काचेच्या कपाटात आहेत, आणि ते कपाट आहे हॉलमध्ये, खिडकीशेजारी, प्लगच्या बरोबर समोर. भांडण या प्लगवरून पेटलं.

बाबा, म्हणजे आत्याचे थोरले भाऊ, गाडी चालवायची परीक्षा घेतात. "आरशात पाहिलं? नाही पाहिलं. उतरा खाली." माझ्या मामाला, म्हणजे सख्ख्या मेव्हण्याला, त्यांनी तीनदा खाली उतरवलंय. मामा अजून सायकलवर येतो आणि सायकल मुद्दाम दारात आडवी लावतो. डॉक्टरांनी बाबांना रोज चालायला सांगितलं, तर म्हणाले, "रस्त्यावर? लायसन्स कुणाकुणाला दिलंय ते मला माहीत आहे." म्हणून घरात चालायचं यंत्र यायचं ठरलं, त्याला प्लग हवा, आणि बाबा टेप घेऊन कपाटासमोर उकिडवे बसले.

"चार फूट दोन इंच. बरोब्बर बसतंय. बाई, हे तेवढं रिकामं कर."

"नाही," आत्या म्हणाली. ती सफरचंद खात होती. खायची थांबलीसुद्धा नाही.

"सत्तावीस कशाला लागतात गं? एक ठेव. सगळ्यांत तेच तर आहे. फासे टाका नि वायफळ बोला."

"दादा, तुझ्या तोंडात दात किती?"

"विषय बदलू नकोस."

"एकतीस. डावी खालची दाढ गेलीये, म्हणून तू उजवीकडून चावतोस. उरलेले सगळे पटाशीचेच असते तर? भाकरी काय, नुसती कुरतडत बसला असतास. उंदरासारखा."

आई फिस्कन हसली आणि लगेच भांडी आवरायला वळली.

मग आत्याने कपाट उघडलं. वरच्या खणात पटाशीचे दात: तासाभरात संपणारे, नवख्या माणसालाही जमणारे खेळ. त्याखाली सुळे, म्हणजे मारामारीचे. ते फक्त चार. "आधी अकरा होते. संग्रह कसला, मगरीचा जबडा होता तो. सात वाटून टाकले." तळाच्या खणात दाढा: एकच गोष्ट सहा-सहा महिने रवंथ करत न्यायची असे जाडजूड. मधल्या खणात दोघांपुरते, एकट्याचे, एकही फासा नसलेले आणि एक असा की ज्यात सगळे हरणार हे पहिल्याच पानावर लिहिलंय. "नवीन आलंय म्हणून मी घेत नाही. फट कुठे आहे ते बघते, मग त्या फटीत बसेल असं शोधते. पाच फटी राहिल्यात."

"पाच अजून?" बाबांचा आवाज फाटला.

"दोन सारखे काढून दाखव. सापडली जोडी, तर सगळं कपाट मी माझ्या हाताने उचलून देईन. नाही सापडली, तर यंत्र तुझ्या खोलीत."

"लेखी?"

"लेखी."

परीक्षेच्या फॉर्मच्या पाठीमागे करार झाला. खाली दोघांच्या सह्या. मी साक्षीदार.

आठवडाभर बाबा ऑफिसातलं पॅड मांडीवर घेऊन पुस्तकं तपासत होते. रकाने आखले, खुणा केल्या. रविवारी दुपारी घसा खाकरून उभे राहिले. "क्रमांक नऊ आणि क्रमांक चौदा. दोन्हींत ओसाड हॉटेल, दोन्हींत भूत, दोन्हींत सहा बाजूंचे फासे. विषय संपला."

मी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून पाहिली. दोन्हींच्या मुखपृष्ठावर जिनासुद्धा सारखाच होता.

आत्याने सफरचंदाचं देठ बशीत ठेवलं. "गाडीत न बसवता कुणाला नापास केलंयस?"

"कधीच नाही."

"मग बस."

क्रमांक नऊमध्ये आम्ही हॉटेलात अडकलेली माणसं होतो. बाबांनी रखवालदाराचं सोंग घेतलं, सगळ्या कड्या तपासल्या, आग विझवायच्या नळकांड्यावरची तारीखही विचारली, आणि विसाव्या मिनिटाला फ्रिज उघडून मेले.

"फ्रिजमध्ये भूत? हे नियमात बसत नाही!"

"पान चाळीस," आत्या म्हणाली.

क्रमांक चौदामध्ये भुतं आम्हीच. भुताला बोलता येत नाही. आपल्या पाळीला एखादी वस्तू हलवता येते, तीही पाच किंवा सहा पडले तर. सुरुवातीला प्रत्येक भुताने आपली एक लाडकी वस्तू लिहायची. बाबांनी लिहिलं: पॅड. आईने काय लिहिलं ते तिने दाखवलं नाही. हॉटेल रिकामं करायला आलेल्या जिवंत माणसाचं सोंग आत्याने मला दिलं. कानात एवढंच म्हणाली, "दादाचा आवाज काढ."

अहो, हे मला सांगायला लागतं?

मी उकिडवी बसले, हवेत टेप ताणला. "चार फूट दोन इंच. बरोब्बर बसतंय. आणि हे काय, पॅड? पॅडं सगळी सारखीच असतात. एक ठेवा, बाकी टेम्पोत टाका."

आई टेबलावर डोकं ठेवून हसत होती. बाबांचे कान लाल झाले. तोंड उघडलं, मिटलं. फासा टाकला: दोन. मी पॅड उचललं. पुढची पाळी: तीन. मी दाराकडे निघाले. बाबांनी फासा मुठीत घोळवला, फुंकर मारली, टाकला. एक.

"ठेव ते खाली! तेवीस वर्षं वापरतोय मी ते!"

"भुताला बोलता येत नाही, दादा," आत्या शांतपणे म्हणाली.

पॅड टेम्पोत गेलं.

मग बाबांनी खरं पॅड ओढून घेतलं. त्यावरच्या कागदावर शेवटचा रकाना रिकामा होता: सारखे आहेत का? पेन त्यावर थांबलं. पुस्तकं सारखीच आहेत असं लिहिलं असतं, तर कपाट गेलंच होतं. आम्ही काय करणार होतो?

"लिहा ना," आई म्हणाली.

"घाई करू नका. परीक्षा आहे."

त्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्या त्यांच्या तोंडाकडेच बघत होती. बाबांनी दाबून, कागद फाटेल इतकं दाबून लिहिलं: नाही. खाली सही. तारीख.

यंत्र आता त्यांच्या खोलीत आहे. आईला पलंगावर जायला भिंतीला घासत जावं लागतं. परवा बाबा पुन्हा टेप घेऊन कपाटासमोर उकिडवे बसले, तर आत्याने हातातला घास खाली ठेवला.

"मधल्या खणात पाच पुस्तकांची जागा आहे," बाबा म्हणाले. "पाचच. सहावं दिसलं तर उतरवीन खाली."

"बघू," आत्या म्हणाली.

"बघू नाही. आणि ते चौदा नंबरचं काढ. माझं पॅड टेम्पोत आहे अजून."