टिटवीची चार अंडी
दुर्बिणीच्या चामडी पिशवीचा वास आला, की कवठे महांकाळजवळची ती कोरडी दरी आठवते. एका दुर्मिळ गरुडासाठी पहाटेपासून दरीचा उतार चढून आम्ही पक्षीनिरीक्षक थकलो होतो; आमच्या गटाचे प्रमुख मात्र अजून लॅटिन नावं सांगत होते. डोक्यावर एक टिटवी जिवाच्या आकांताने ओरडत होती. ‘नेहमीचीच आहे,’ म्हणत मी खडीवर बसायला वाकलो. ‘आवं, बसू नगा! अंडी हायती तितं!’ मेंढरांमागचा म्हातारा धनगर ओरडला. खरंच, माझ्या बुडाखाली वीतभर अंतरावर खड्यांसारखीच चार ठिपकेदार अंडी होती. ‘चार दिस मेंढरं वळसा घालून न्हेतोय. त्यास्नी समजतंय, तुमास्नी न्हाई व्हय?’ आम्हीही वळसा घालून उतरलो. टिटवी पुन्हा अंड्यांवर बसली. आमच्या यादीत तिची नोंद कुणीच केली नाही. हल्ली माझी दुर्बीण घरीच असते. विचारणाऱ्यांना मी गुडघे दुखतात म्हणून सांगतो.