आकडा चढला की मशीन उघडतं का?

आज ड्युटी सुटल्यावर कंपनीच्या बसमध्ये सावंत माझ्या शेजारी बसला. सौदीतल्या जुबैलच्या प्लांटमध्ये आम्ही दोघं कंट्रोल रूमला असतो. इथे जुगाराचं नाव काढायची सोय नाही, पण सुट्टीत मित्र त्याला गोव्याच्या कॅसिनोत नेणार आहेत. म्हणून साहेब मोबाईलवर स्लॉट मशीनचा अभ्यास करत होते.

मीही डोकावलो. मला वाटायचं, दांडा ओढला की चित्रं फिरतात, एवढंच. तर तीन चाकांचं जुनं मशीन वेगळं, पाच चाकांचं व्हिडिओवालं वेगळं. आणि एका प्रकारात खेळणाऱ्या सगळ्यांच्या पैशांतला थोडा वाटा साठतो, बक्षिसाचा आकडा चढतच राहतो.

सावंतला तेच आवडलं. "आकडा बराच चढला की बसायचं. टाकी भरली की व्हॉल्व्ह उघडणारच ना."

मलाही पटलं. आमचा दिवस टाक्यांची लेव्हल बघण्यातच जातो.

मग त्याच पानावर खाली लिहिलेलं मी मोठ्यानं वाचलं. आकडा कितीही चढला तरी प्रत्येक फेरीत जिंकण्याची शक्यता तेवढीच राहते.

सावंतनं ती ओळ पुन्हा वाचली. कॅम्पवर उतरताना म्हणाला, "म्हणजे लेव्हल दिसते, पण व्हॉल्व्ह तिला जोडलेलाच नाही."

'इतकी वर्षं झाली, आता प्रमोशन होणारच,' असं मी दर वर्षी घरी सांगतो. बसमधून उतरल्यापासून तेच डोक्यात आहे.

तुम्ही कुठल्या आकड्याकडे बघत बसलाय?