ळ हवा की नको

नजर गेल्यापासून बाबा वर्तमानपत्र ऐकतात. त्यांना मिरजेहून जयपूरला, सोडाला भागातल्या आमच्या घरी आणलं, तेव्हा त्यांची एकच अट होती: रोज मराठी कानावर पडलं पाहिजे. म्हणून मी संगणकावर बातम्या वाचून दाखवणारा एक प्रोग्राम बसवला. आयता मिळतो त्यात मराठी नसते, त्यामुळे मूळ कोडपासून तो मीच बांधून घेते.

नवी आवृत्ती आली की बांधणीआधी तो प्रश्न विचारतो. जुनी उत्तरं त्याच्या लक्षात असतात, नव्या पर्यायांपाशी तेवढा थांबतो. नुसतं एंटर दाबलं की बनवणाऱ्याने परस्पर ठरवलेलं उत्तर लागू होतं. या परस्पर ठरवण्याचा मला मनस्वी राग आहे. पण त्या दिवशी गच्चीवर थंडीतलं ऊन होतं, वर पतंग तरंगत होते, कुठूनतरी अर्धवट गाणं ऐकू येत होतं आणि माझे डोळे मिटत होते. मी एंटर, एंटर करत गेले.

संध्याकाळी बाबा ऐकता ऐकता थांबले. "काय गं, हा म्हणतोय, वादलात नारलाची झाडं पडली." मग म्हणाले, "मला मिरजेला सोड."

दुसऱ्या दिवशी त्याच उन्हात मी एकेक प्रश्न त्यांना वाचून दाखवला. त्यात तो सापडला: एकाच लिपीतल्या भाषांना एकच आवाज वापरायचा का? काही न सांगितल्यास, हो. म्हणजे आमची मराठी हिंदीच्या आवाजात, आणि त्या आवाजाला ळ येत नाही.

"नको म्हणून सांग त्याला," बाबा म्हणाले.

मी सांगितलं. पडद्यावरून ओळी सरकत राहिल्या, आम्ही दोघं उन्हात पेंगत राहिलो. कितीतरी वेळाने कालचीच बातमी ऐकू आली, "वादळात नारळाची झाडं पडली." बाबा हसले. पण राहणार की जाणार, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

तेवढ्यात माझी लेक वर आली. ती इथेच जन्मली, हिंदी शाळेत जाते.

"आजोबा, जेवायची वेल झाली. मतलब, खाली चला ना."

बाबांनी मान माझ्याकडे वळवली. "हिच्या वेळीही तू नुसतं एंटरच दाबलंस वाटतं."

मला हसू आलं आणि रडूही. त्यांनी तिचा हात धरला. "जीभ मागे वळव. म्हण, वेळ."

"वेल."

"मिरजेचं राहू दे," ते जिना उतरता उतरता मला म्हणाले. "हिला ळ येईपर्यंत मी कुठे जात नाही."

तो तिला कधीच येऊ नये, असं मला वाटलं.