रिकाम्या घरांची नर्सबाई

फोन आला तेव्हा मी गच्चीवर मिरच्या वाळत घालत होते. पलीकडून शामराव भाऊजी म्हणाले, "बाई, सुमन गेली." मी सवयीनं विचारलं, "आज कोणत्या गावाले?" त्यांच्याकडून असा फोन यायची ही काही पहिली वेळ नव्हती. सुमनताई घरी न सांगता कॅमेरा घेऊन निघाली, की ते मला फोन करायचे आणि हेच दोन शब्द बोलायचे. मग मी तिला शोधायचे, कधी एखाद्या बंद राइसमिलपाशी, कधी पाणी आटलेल्या तलावाच्या पाळीवरच्या पडक्या चौकीत.  त्या दिवशी भाऊजींच्या मागं कोणीतरी बाई मोठ्यानं रडली, आणि माझ्या हातातलं सूप खाली पडलं. दुपारचं जेवण झाल्यावर ती जरा आडवी झाली होती, ती उठलीच नाही... एवढंच.

तिला जाऊन आता काही आठवडे झाले. जलदानविधी झाला, पाहुणे परत गेले. लोक भेटतात आणि म्हणतात, "तुमची मैत्रीण मोठी अजब होती." अजब म्हणजे काय, ते सांगावं म्हणून हे लिहायला बसले आहे.

सुमनताई मूळची एकोडीची. धानाच्या बांधावर वाढलेली, घरातली शिकलेली पहिली मुलगी. नर्स झाली आणि सारी नोकरी खेड्यांतच काढली. भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, तेव्हा तिच्या सोबतीच्या अर्ध्या जणी गोंदियाकडं गेल्या आणि ही इकडं राहिली. आसगावच्या बाजूला नदीकाठच्या पाच-सात गावांत ती सायकलनं हिंडायची. मी भंडाऱ्याला शाळेत मराठी शिकवायचे आणि तिच्या शेजारच्या घरात राहायचे. ती माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणायचे, ती मला मंदे म्हणायची. भाऊजी एसटीत ड्रायव्हर होते. दोघांना मूलबाळ नव्हतं. कोणी त्याबद्दल हळहळलं तर ती म्हणायची, "अवं, एवढ्या पोरायले पहिला हात मी लावला. आनखी किती पाहिजेत?"

कॅमेरा तिच्या हाती आला तो निवृत्तीच्या वर्षी. पेन्शनच्या कागदांसाठी फोटो काढायला ती बाजारातल्या एका जुन्या स्टुडिओत गेली. मालकानं तिचा फोटो काढला तो नव्या डिजिटल कॅमेऱ्यानं. जुनं सामान दारापाशी ढीग करून ठेवलं होतं आणि भंगारवाला तराजू लावून उभा होता. त्या ढिगात एक चौकोनी पेटीसारखा कॅमेरा होता. समोर एकावर एक दोन भिंगं, आणि वरचं झाकण उघडून आत खाली पाहायचं. सुमनताईनं झाकण उघडलं, आत वाकून पाहिलं, आणि बाजार तिला काचेवर दिसला. सायकली, पितळेची दुकानं, उभा असलेला ऑटो, सगळं छोटंसं, आणि डावं ते उजवीकडं. "मंदे, जसं काई एखाद्या डबीत भंडारा भरून ठेवला," असं तिनं मला सांगितलं. ती तडक घरी आली, लग्नातला पाणी भरायचा पितळी गुंड उचलला आणि भंगारवाल्याला देऊन कॅमेरा घेऊन आली. स्टुडिओवाल्यानं हसत हसत फोटो मोठा करायचं यंत्र आणि औषधाच्या थाळ्या वरून दिल्या, आणि ते सगळं कसं चालवायचं तेही पुढं महिनाभर शिकवलं.

भाऊजींनी हा गुंड शेवटपर्यंत सोडला नाही. कोणी पाहुणा आला की चहाच्या आधी तेच. "माया सासऱ्यानं देल्लेला गुंड देऊन हिनं हे डबडं आणलं जी." ताई आतून म्हणायची, "तुमाले पानी पाजाले नळ हाये ना? मंग?"

तिनं माणसांचे फोटो कधी काढले नाहीत. हा तिचा नियमच होता. बारशाला, लग्नाला लोक बोलवायचे, ती जायची, जेवायची, कॅमेरा घरी ठेवायची. तिला हव्या असायच्या सोडून दिलेल्या जागा. बंद पडलेली टॉकीज, रानातला ओसाड डाकबंगला, छप्पर बसलेली शाळा, रस्ता दुसरीकडून गेल्यामुळं एकटा पडलेला एसटीचा थांबा. काहून, असं विचारलं तर म्हणायची, "जन्मभर मानसंच पाह्यली. रडतानी, ओरडतानी. आता जरा चुप बसलेलं काई पाहू दे."

रविवारी मी तिची सारथी. माझी स्कूटर, मागं ती, तिच्या मांडीवर कॅमेऱ्याची पिशवी आणि पाठीला तिपाई. एका रोलवर बाराच फोटो यायचे, आणि रोल मुंबईहून पार्सलनं मागवावा लागायचा. म्हणून ती एकेका भिंतीसमोर इतका वेळ उभी राहायची की मी सावली शोधून वह्या तपासून घ्यायचे. माझ्या भाच्यानं एकदा तिला मोबाईल दाखवला. म्हणाला, "मावशी, यात हजार फोटो मावतात." ती म्हणाली, "मावतेत ना बापा. पन मोबाईलवाले आधी काढतेत, मंग पाह्यतेत. मी आधी पाह्यते."

साकोलीच्या पुढं एका तलावाजवळ जुनं विश्रामगृह होतं. तिथला प्रसंग आठवला की मला आजही एकटीला हसू फुटतं. उन्हामुळं काचेवरचं दिसेना, म्हणून ताईनं डोक्यावरून काळी ओढणी घेतली होती आणि तिपाईवरच्या पेटीसमोर वाकून ती मंद मंद डोलत होती, कारण फोकस जुळत नव्हता. मी पायरीवर बसून सरबतासाठी लिंबं कापत होते. एवढ्यात एका गुराख्यानं आम्हाला पाहिलं. अर्ध्या तासात अर्धं गाव काठ्या घेऊन हजर. काळा कपडा, कापलेली लिंबं, वाकलेली बाई, ओसाड बंगला... गुप्तधनाला आलेल्या बाया याहून वेगळ्या दिसत नसतील. पोलीस पाटील पुढं आले. "काय खोदून राहिले इथं?"

मी शिक्षिका असल्याचं सांगू लागले, तर कोणी ऐकेना. ताईनं ओढणीतून डोकं बाहेर काढलं आणि गर्दीवर नजर फिरवली. मागं एक बाई कमरेवर लेकरू घेऊन उभी होती. ताई तिला म्हणाली, "तू आसगावकडची नं व? तुया बापाचं नाव शिवा. तू पायाळू होती. तुया मायनं तीन रात्री मले झोपू देल्लं नाई." ती बाई चमकली, मग पुढं येऊन ताईच्या पायाच पडली. "अवं, हे त आमची नर्सबाई." काठ्या खाली झाल्या. लिंबाचं सरबत पाटलांनीही घेतलं. निघताना त्यांनी हळूच विचारलं, "पन बाई, खरंच काई नाई ना गाडलेलं?"

हे सगळं हसण्यावारी जात होतं. मग नदीवरचं धरण पुरं होत आलं, आणि ताईच्या नोकरीतल्या गावांवर पाणी यायचं ठरलं. त्यांतलं एक टेंभुरटोली. नदीच्या काठी साठ-सत्तर घरं, मधोमध चिंच. लोकांना दूर पुनर्वसनाच्या गावठाणात प्लॉट मिळाले. त्यांनी घरांची दारं, चौकटी, छपराचे आडे, कवेलू काढून ट्रॅक्टरमध्ये भरलं आणि ते निघाले. उरल्या नुसत्या मातीच्या भिंती. आम्ही पोचलो तेव्हा एक कुत्रं तेवढं होतं.  ताई प्रत्येक घरापुढं उभी राहायची आणि फक्त सांगायची, "इथं दोन. इथं जुळे. इथं एक, तो जगला नाई." रोल संपला तरी ती भिंतींपुढून हलेना. पुढचे तीन रविवार आम्ही तिथंच होतो.

त्या गावात एक सुईण होती, जनाबाई. ताई तरुणपणी तिथं पहिल्यांदा गेली, तेव्हा जनाबाईनं तिला बाळंतिणीच्या दारातून परत पाठवलं होतं. दोघींचं वर्षानुवर्षं भांडण. शेवटी एक तह झाला. बाळंतपण ताईनं करायचं, पण नाळ जनाबाईनं पुरायची, ज्याच्या त्याच्या घराच्या उंबऱ्याजवळ. 'मातीशी नाळ' हे शब्द मी कितीतरी निबंधांत वाचले आणि खोडले. त्या दोघींनी ती खरोखरच हातानं पुरली होती, गावभर.

ताईनं टेंभुरटोलीच्या सगळ्या घरांचे फोटो स्वतः धुतले, मोठे केले, आणि नव्या गावठाणातल्या समाजमंदिरात कपडे वाळवायच्या दोरीवर चिमट्यांनी लटकवले. लोक आले. आधी हसत होते, एकमेकांना ढोसत होते, मग एकेक जण आपापल्या भिंतीसमोर जाऊन थांबला. एक म्हातारा फोटोतल्या कोनाड्याला बोट लावून उभा होता. तो म्हणाला, "इथं कंदील राह्यचा."  मी दोरीचं टोक धरून दुसरीकडं पाहत राहिले.

तेवढ्यात जनाबाईचा आवाज आला. "सुमन, माया घराचा फोटो उलटा कायले लावला व?"

"उलटा कुठं हाये? भित खाली, आभाळ वर."

"चिच कुठं हाये पाह्य. माया दारातून निघालं का चिच डाव्या हाताले. तू उजव्या हाताले नेऊन ठेवली."

मग जी चर्चा पेटली ती विचारू नका. कोणी डोळे मिटून दारातून निघायचा आव आणला, कोणी जमिनीवर काडीनं गाव काढलं. बाया चुली, विहिरी, गोठे मोजू लागल्या. नव्या गावठाणात सरळ रेषेतल्या प्लॉटांवर आल्यापासून ही माणसं एकमेकांशी इतकी बोलली नव्हती, असं तिथल्या सरपंचबाईंनी मला मागून सांगितलं. ताईनं फोटो हातात घेतला, उजेडात धरला आणि कपाळावर हात मारला. निगेटिव्ह यंत्रात पालथी लागली होती. ती मोठ्यानं हसली. "हार मानली बुढे. चिच डाव्या हाताले."

जनाबाई हसली नाही. म्हणाली, "नुसता सुधारून नको आणू. मले तिथं नेऊन बसव, आन काढ."

ताईनं नियम सांगितला. माणसांचे फोटो मी काढत नाही. जनाबाई म्हणाली, "मी का मानूस हाये आता? मीबी सोडून देल्लेली जागाच हाये."

 पुढच्या रविवारी आम्ही ऑटो केला. जनाबाई नवं लुगडं नेसून आली होती. बिनदाराच्या, बिनछपराच्या घरापुढं, उंबरा होता तिथं ती मांडी घालून बसली. चिंच तिच्या डाव्या हाताला. ताई कॅमेऱ्यावर वाकली ती बराच वेळ वाकूनच राहिली. मला वाटलं, फोकस जुळत नाही. मग तिच्या नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब काचेवर पडलेला मी पाहिला. जनाबाई तिकडून म्हणाली, "झालं का व? का मलेबी उलटं करून राहिली?" त्या क्षणी तिनं खटका दाबला. मग दुसरा, तिसरा... अख्खा रोल ताईनं त्या म्हातारीवर संपवला. परतताना दोघी ऑटोत मागं हात धरून बसल्या होत्या आणि कोणत्या बाळंतपणात कोण चुकलं होतं यावर कडाडून भांडत होत्या.

त्याच पावसाळ्यात पाणी आलं. जनाबाई आणखी चार-पाच वर्षं जगली. तिच्या सुनेनं तो फोटो पुढच्या खोलीत लावला आहे. त्यात म्हातारी खटका दाबायच्या क्षणी काहीतरी बोलते आहे, तोंड अर्धं उघडं. गावठाणातल्या बाकीच्या घरांतही ताईनं काढलेल्या भिंती आहेत, देवाशेजारी, बाबासाहेबांशेजारी, टीव्हीच्या वर. ताईच्या मयतीला त्या गावाहून दोन ट्रॅक्टर भरून माणसं आली. भाऊजी त्यांच्याकडं पाहत राहिले होते. मला म्हणाले, "बाई, मले वाटे हे भिताडाचे फोटो काढून राहिली."

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडं गेले. भाऊजींनी स्वतः चहा केला, साखर दुप्पट घातली. आम्ही बरंच बोललो, गुंडाचा विषयही निघाला आणि दोघंही हसलो. मग ते हात धुवायला उठले. त्यांच्या घरातली न्हाणी हीच ताईची अंधारखोली. खिडकीला आतून काळा पुठ्ठा, वर लाल दिवा. ती आत असताना दार उघडलं की कागद वाया जायचा, म्हणून आधी ठोकून विचारायची घरात शिस्त होती. भाऊजी दारापाशी थांबले. त्यांनी दोन बोटांनी दार ठोकलं आणि मान जराशी पुढं करून ऐकत उभे राहिले.  मग माझ्याकडं वळून म्हणाले, "सवय हाये जी." आणि दार अगदी हळू, फटीएवढंच उघडून, आत उजेड जाणार नाही असं अंग चोरून आत गेले.