सोनाटातली खालची ओळ

अन्याय झाला तो आमच्या शेजारच्या आंटीवर. डिसेंबर २००१मध्ये, रमजान ईद उलटल्यावरच्या पहिल्या गुरुवारी संध्याकाळी. रमजानमध्ये हॉटेलांतली वाद्यं बंद असायची. ती पुन्हा सुरू झाली त्या संध्याकाळी दुबईतल्या एका लॉबीत चारऐवजी तीनच खुर्च्या मांडल्या होत्या. आंटी चेलो घेऊन उभीच राहिली.

आंटी वसईची. शारजात रोल्ला भागात आम्ही एकाच मजल्यावर राहायचो. ती दिवसा एका ऑफिसात रिसेप्शनला असायची आणि वीकेंडच्या संध्याकाळी हॉटेलात चेलो वाजवायची. चेलो म्हणजे व्हायोलिनचं थोरलं भावंड, गुडघ्यांत धरून वाजवायचं. तिथे वाजायच्या त्या तिच्याच नोटेशनच्या पुस्तकांतल्या बारा सोनाटा, म्हणजे युरोपातल्या तीनशे वर्षांपूर्वीच्या वाद्यरचना. वर दोन व्हायोलिनं, खाली एकच ओळ. ती ओळ चेलो आणि कीबोर्डचा डावा हात मिळून वाजवतात.

मॅनेजरनं नेमकं तेच पकडलं. दोघांचे सूर सेमच आहेत, मग माणसं दोन कशाला? आई गाणं शिकलेली. ती म्हणाली, "उद्या म्हणेल, गाणारी सा लावतेच आहे, तर तंबोरा घरी ठेवा."

मी पंधरा वर्षांची होते. लॉबीतल्या टेबलांवर ठेवायला मी एक पत्रक लिहिलं, इंग्रजीत आणि भरपूर शिव्या घालून. बाबांनी ते वाचलं आणि फाडलं. "खलास. व्हिसा माझा, क्रांती तुझी?"

मग मी आंटीला गाठलं. पुस्तकं तुमची आहेत, परत मागा, बंद पडू दे त्यांचं. आंटी मासे साफ करत होती.

"बाय, त्या व्हायोलिनवाल्या दोघींच्या घरीपण चूल पेटायला हवी ना?" ती म्हणाली. "एवढा राग आहे तर शुक्रवारी तुमचा कॅसिओ कीबोर्ड घेऊन ये."

शुक्रवारी चर्चहून आल्यावर तिच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला सरकवला गेला. व्हायोलिनवाल्या दोघी फिलिपिनो होत्या, त्या पुस्तकं घेऊन आल्या. कीबोर्डवाला लाजेनं आलाच नाही. त्याचा डावा हात मी झाले. आधी आंटी मुद्दाम गप्प बसली. आम्ही तिघींनी वाजवलं. ठीक होतं, चहाबरोबर खपलं असतं. मग तिनं चेलोच्या तारांवर बो, म्हणजे गज, टेकवला. मी पट्टी दाबायचे, सूर निघायचा आणि विझायचा. तिचा तोच सूर निघाल्यावर वाढत जायचा, आणि वरच्या दोघी त्यावर निर्धास्त रेलायच्या. सेम म्हणे! माझे हात थांबले, तर तिनं मानेनंच यल्ला, चल पुढे, म्हटलं.

हॉटेलनं तिला परत कधीच बोलावलं नाही. खोटं सांत्वन मी देणार नाही. पण पुढची दोन वर्षं आमचे शुक्रवार तिनं भरून टाकले, आणि ते मी फेडू शकत नाही. आजही सभेत माझं लक्ष माइकआधी सतरंज्या घालणाऱ्यांकडे जातं. ही सवय तिची.

तुम्ही लॉबीत बसता, केक खाता, वाद्यांपेक्षा मोठ्यानं बोलता. पुढच्या वेळी कप खाली ठेवा. सगळ्यात खालचा सूर ऐका. तो नसेल तर मॅनेजरला बोलवा आणि विचारा, चौथी खुर्ची कुठे आहे? उत्तर मिळेपर्यंत उठू नका.