भाजलेल्या तांदळाची डबी

पारनेरच्या स्टँडासमोर माझं एसटीडीचं बूथ होतं, तेव्हाची ही गोष्ट. बूथवाल्यानं माणसांना कंटाळून चालत नाही, पण मी कंटाळायचो. लोक फोनवर इतक्या जोरानं ओरडायचे की मध्ये तार कशाला घातलीय असं वाटावं. त्या सगळ्यांत शांतपणे बोलणारं एकच माणूस मी पाहिलं, आणि ते माणूस बहिरं होतं.

गोजरबाई तिचं नाव. राळेगणच्या वाटेवर एका गावात तिची पिठाची गिरणी होती. नवरा गेला तेव्हा पोरगी सात वर्षांची आणि पोरगा अंगावर पिणारा. दीर म्हणाला, गिरणी विक आणि शेतावर ये. हिनं विकली नाही. इंजिनाला हँडल मारायला शिकली, गुळगुळीत झालेल्या दगडाला छिन्नीनं टाकी लावायला शिकली, आणि वीसेक वर्षं त्या पत्र्याच्या खोलीत धडधडाट ऐकत उभी राहिली. त्यात कान गेले. एकदम गेले असते तर कुणीतरी दवाखान्यात नेलं असतं. ते इतके हळूहळू गेले की तिचं तिलाही कळलं नाही.

समोरचा बोलायला लागला की ती त्याच्या ओठांकडं बघायची आणि म्हणायची, "बरं." बाजरी बारीक दळा म्हटलं तरी बरं, यंदा ज्वारी किडली म्हटलं तरी बरं. एकानं सासू वारल्याचं सांगितलं, त्यालाही ती हसून बरं म्हणाली. गावानं याची चेष्टा केली. मीही हसलो होतो, खोटं कशाला सांगू.

पुढचं मला तिच्या सुनेनं, शुभांगीनं सांगितलं. पोरगी ज्ञानेश्वरी सुरतेला दिलेली. जावई कापडाच्या कारखान्यात कामाला. त्र्याण्णव साली ती माहेरी आली आणि दुसऱ्याच दिवशी गिरणीत जाऊन आईशी बोलत बसली. इंजिन चालू होतं. अर्धा तास ती बोलत होती. गोजरबाई पीठ भरत होती, मान हलवत होती आणि अधूनमधून बरं म्हणत होती. शेवटी तिनं लेकीच्या हातात पिठाचा डबा दिला आणि घरी जाऊन भाकरी टाकायला सांगितलं. संध्याकाळी ज्ञानेश्वरी सुरतेला निघून गेली, ती पुन्हा आली नाही.

वर्षभरानं तिचं पत्र आलं. शुभांगीनं ते सासूच्या कानाशी ओरडून वाचलं. "नवरा दारू पिऊन मारतो, मला इथं राहू दे, असं मी तुला त्या दिवशी सांगितलं. तू बरं बरं म्हणालीस आणि हातात डबा दिलास. मग मला बोलायचं काही उरलं नाही." पत्र ऐकून गोजरबाईनं त्या दिवशी गिरणी लावली नाही. आठवड्याभरात ती नगरला कानाच्या शिबिरात जाऊन रांगेत उभी होती. त्याआधी आपल्याला ऐकू येत नाही हे तिला कबूलच नव्हतं.

शिबिरात मशीन मिळालं. साबणाच्या वडीएवढी डबी, तिच्यातून निघालेली वायर, वायरीच्या टोकाला गोल बटण आणि बटणावर बसणारं रबराचं बोंड. बोंड कानात घालायचं, आवाज मात्र डबी ऐकणार. गोजरबाईनं खणाची पिशवी शिवून डबी गळ्यात अडकवली.

त्या शिबिरात तालुक्यातल्या बऱ्याच जणांना मशिनं मिळाली होती. वर्षात बहुतेकांची माळ्यावर गेली. कुणी कानात कोमट तेल घालून वर बोंड बसवलं. कोंडीराम म्हणून एक होते, त्यांनी बोंडातला मळ टाचणीनं काढायचा म्हणून आत ढकलला आणि मशीन बिघडलं म्हणून डॉक्टरांना शिव्या घातल्या. गोजरबाईचं तसं नव्हतं. तिचा जन्म यंत्राच्या चाकरीत गेला होता.

रोज झोपताना ती बोंड बटणावरून काढायची आणि कोरड्या फडक्यानं पुसायची. आठवड्यातून एकदा ते साबणाच्या कोमट पाण्यात धुवायची, पण फक्त बोंड. बटणाला पाण्याचा थेंब लागू द्यायची नाही. बोंडाच्या भोकात डोक्याचा लांब केस दुमडून ओवायची आणि ओढून काढायची, की मळ केसाबरोबर बाहेर. मग सगळं भाजलेल्या तांदळाच्या डबीत ठेवून द्यायची. तांदूळ दमट हवा ओढून घेतात, असं तिचं म्हणणं. दर अमावस्येला ते पुन्हा भाजायचे. "यंत्र म्हंजी बैल न्हाई," ती म्हणायची. "बैल लंगडला तर दिसतं. यंत्राचं आपुन रोज बघावं लागतं."

दोन वर्षं ज्ञानेश्वरीनं पत्रांना उत्तर दिलं नाही, शेवटी शहाण्णवच्या दसऱ्याला तिचा फोन यायचं ठरलं. शुभांगीनं कार्ड लिहून माझ्या बूथचा नंबर कळवला होता; कानाचं मात्र लिहू नको, ते मी माझ्या तोंडानं सांगणार, असं गोजरबाईनं तिला बजावलेलं. सकाळी अकराची वेळ. त्याआधी आठ दिवस गोजरबाई सरावाला येत होती. मी शेजारच्या दुकानातून फोन लावायचो. रिसीव्हर कानाला लावला की मशीन नुसतं शिट्टी मारायचं. तिसऱ्या दिवशी तिनंच डोकं चालवलं. ऐकताना रिसीव्हर छातीवरच्या पिशवीला टेकवायचा, बोलताना तोंडाशी आणायचा. स्टँडावरचे लोक खिडकीत जमून बघायला लागले. मी त्यांना हाकलून दिलं. आठ दिवसांत मलाही त्या फोनची काळजी लागली होती.

दसऱ्याला साडेदहाच्या आतच ती आली. चेहरा उतरलेला.

"आदिनाथ, मशीन बोलत न्हाई. घरी घाईत सेलच संपला वाटला, म्हनून आता स्टँडावर नवा घातला. तरी मुकंच."

मी मशीन हातात घेतलं. बोंडाच्या भोकाशी लालभडक काहीतरी सुकून बसलं होतं. मी ते तिच्या डोळ्यांसमोर धरलं, आणि काय झालं ते दोघांनाही कळलं. आदल्या दिवशी खंडेनवमी. दरवर्षी गोजरबाई इंजिनाला, दगडाला, विळ्या-खुरप्यांना हळदकुंकू वाहायची. घराला सांभाळणारं यंत्र पूजेवाचून ठेवायचं नाही, हे तिनंच सुनेला शिकवलेलं. शुभांगीनं यंदा तांदळाच्या डबीतलं मशीनही पाटावर मांडलं आणि बोटानं ओलं कुंकू लावलं. पूजेतलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, म्हणून ते सकाळपर्यंत तिथंच सुकलं.

मी चिडलो. पूजा करायची तर नारळाची करा, असं काहीबाही बोललो. तिला त्यातलं काही ऐकू आलं नाही हे बरंच झालं. मी टेबलावरची टाचणी उचलून भोकात घालणार, एवढ्यात तिनं माझ्या हातावर चापट मारली.

"कोंडीराम करायचाय का माजा?"

तिनं बोंड काढलं आणि चहावाल्याकडून कोमट पाणी मागवलं. बटणाच्या तोंडालाही थोडं कुंकू होतं. ते तिनं बटण पालथं धरून कोरड्या फडक्याच्या टोकानं झटकलं, म्हणजे पडेल ते बाहेरच पडेल. मग बोंड पाण्यात बुडवून ती थांबली. मी घड्याळाकडं बघत होतो, ती पाण्याकडं. पाणी गुलाबी झालं तेव्हा तिनं डोक्याचा एक केस उपटला. पांढरा होता. तो ओवला, ओढला, पुन्हा ओवला. पाचव्या खेपेला केस स्वच्छ निघाला. मग ती भोकात फुंकर मारत बसली.

अकराला फोन वाजला.

मी उचलला. पलीकडं ज्ञानेश्वरी. गोजरबाईनं माझ्या तोंडाकडं बघून ओळखलं.

"तुम्ही बोला," मी हातवारे करून सांगितलं. "ती काय म्हणते ते मी खुणांनी सांगतो. तुम्ही नुसतं बरं म्हणा."

"बरं म्हनायला न्हाई आले मी," ती म्हणाली. "भोकात अजून पानी हाय. आवाज बुडंल त्यात. तिला म्हनावं, पंधरा मिन्टांनी कर."

मी तसं सांगितलं. मग ज्ञानेश्वरी म्हणाली, "आईला माझं ऐकायचंच नाही ना?" आणि फोन ठेवला. हे मी गोजरबाईला सांगितलं नाही. फोन पुन्हा येईल असं मला वाटत नव्हतं, आणि ही बाई खुशाल पदराच्या टोकानं बोंड टिपत होती, फुंकत होती, उजेडाकडं धरून आरपार बघत होती.

सव्वाअकराला तिनं बोंड बटणावर बसवलं, कानात घातलं, डबीवरची आवाजाची कळ फिरवली. बाहेर एसटी उभी होती तिकडं मान वळवून म्हणाली, "कंडक्टर बेल मारतोय." मी खुर्चीत मागं टेकलो. आता फक्त फोन यायचा होता, आणि तो येत नव्हता. साडेअकरा झाले. पावणेबारा झाले. ती रिसीव्हरवर हात ठेवून बसली होती.

बाराला पाच कमी असताना फोन वाजला. या खेपेला तो मी उचललाच नाही. तिनं रिसीव्हर घेऊन पिशवीला टेकवला, ऐकलं, आणि मग तोंडाशी आणला.

"मोठ्यानं नगं बोलू. येतंय ऐकाया," ती म्हणाली. "ज्ञाना, त्या दिशी मला कायबी ऐकू आलं न्हवतं. कान गेल्ते माझे. आज गिरनी बंद ठिवलीय. आता सांग, पैल्यापासनं."

मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो. काचेतून ती दिसत होती. रिसीव्हर छातीशी धरलेला, डोळे मिटलेले. पंधरा मिनिटं ती ऐकत होती. मध्येच रिसीव्हर वर आणून काही विचारायची आणि पुन्हा खाली न्यायची. दार उघडंच होतं, तिचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता. त्या पंधरा मिनिटांत ती एकदाही बरं म्हणाली नाही.

फोन ठेवून ती बाहेर आली. डोळे पुसलेले होते.

"सुरतेला जायाला गाडी नगरवरनं का नाशिकवरनं?"

मी म्हटलं, नाशिकवरून. कधी निघताय?

"उद्या. घिऊन येते तिला." तिनं मशीन पिशवीत नीट बसवलं आणि पिशवीची नाडी आवळली. "तकडं समुद्र जवळ हाय म्हनं. हवा दमट आसंल. आज तांदूळ जरा जास्ती भाजून घेते."